दोन बहिणींची बाग आणि आपली बाग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला पंधरा मिनिटे दिली आहेत. बँकेतला निवृत्त माणूस बोलायला उभा राहिला की मंडळींना वाटते, आता व्याजदर आणि मुदत ठेवी सुरू होणार. काळजी करू नका. मी एका बागेबद्दल बोलणार आहे. शेवटी थोडा हिशेब येईल, ती सवय काही जात नाही, पण आधी बाग.

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर नावाचे छोटेसे राज्य आहे. समुद्रकिनारा त्याच्या वाट्याला अगदी थोडा आलेला. त्या थोड्या किनाऱ्यावर पोर्ट्समथ हे जुने बंदर आहे. लोकवस्ती २२ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. मुलगी त्या बाजूला राहते, त्यामुळे दोन उन्हाळे मला तिथे राहायला मिळाले.

१६३० मध्ये तिथे इंग्रज वसाहत करायला आले. नदीकाठी रानटी स्ट्रॉबेऱ्या पिकलेल्या दिसल्या, म्हणून वस्तीला नाव दिले स्ट्रॉबेरी बँक. बँक म्हणजे काठ बरं का, तिथे ठेवी घेत नाहीत! पुढे लाकूड आणि जहाजबांधणी यांवर हे गाव मोठे झाले. नदीचे नाव पिस्कॅटाक्वा. नदी म्हणायची, पण ती आपल्या कोकणातल्या खाडीसारखी. भरतीला पाणी उलटे आत येते आणि ओहोटीला इतक्या जोराने बाहेर धावते की मोठी जहाजे टगबोटींच्या मदतीशिवाय हलत नाहीत. पलीकडच्या बेटावर अमेरिकन नौदलाची गोदी आहे. १९०५ साली रशिया आणि जपान यांच्या युद्धाचा तह याच गोदीत झाला. एका आशियाई देशाने युरोपातल्या बलाढ्य सत्तेला हरवले, याचा आनंद तेव्हा हिंदुस्थानातही झाला होता.

या गोदीच्या बरोबर समोर, अलीकडच्या काठावर, प्रेस्कॉट पार्क आहे. आज तिथे हिरवळ, फुलांचे ताटवे, कारंजी, धक्के आणि पाण्याकडे तोंड करून ठेवलेली बाकडी आहेत. पण शंभर वर्षांपूर्वी तिथे बाग नव्हती. गोदामे, कोळशाचे ढीग, मोडके धक्के आणि वॉटर स्ट्रीट नावाचा रस्ता होता. खलाशांचे गुत्ते आणि त्याबरोबर येणारे सगळे काही त्या रस्त्यावर होते. सभ्य घरातली माणसे तिकडे फिरकत नसत. नाव इतके खराब झाले की पुढे रस्त्याचे नावच बदलून मार्सी स्ट्रीट केले.

गावात मेरी आणि जोसी प्रेस्कॉट या दोन बहिणी होत्या. दोघी शाळेत शिक्षिका. त्यांचा भाऊ चार्ल्स दूर पेनसिल्व्हेनियात जाऊन श्रीमंत झाला होता. १९३०च्या दशकात त्याच्या मागे ती संपत्ती या बहिणींकडे आली. त्यांचा वकील होता चार्ल्स डेल, जो पुढे त्या राज्याचा गव्हर्नर झाला. आता विचार करा, दोन शिक्षिका, आयुष्यभर बेताचा पगार, उतारवयात अचानक मोठी रक्कम हातात. आपल्या बँकेत अशी खातेदार आली असती तर आम्ही काय सल्ला दिला असता? अर्ध्याची मुदत ठेव, अर्ध्याचे सरकारी रोखे, आणि बाई, आता आराम करा!

त्या दोघींनी मात्र गावातली सगळ्यात बदनाम जागा विकत घ्यायला सुरुवात केली. आज एक तुकडा, उद्या दुसरा. एकेक गोदाम, एकेक पडका धक्का. मोडकळीला आलेले पाडले, भराव टाकला, झाडे लावली. पण सगळेच पाडले नाही. शीफ नावाच्या व्यापारी घराण्याचे जुने लाकडी गोदाम आजही बागेत उभे आहे. मग ही जमीन त्यांनी शहराला देऊन टाकली.

देणगी देणारे पुष्कळ असतात. यापुढचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. जमिनीबरोबर त्यांनी अट घातली, की ही बाग सर्वांसाठी आणि विनामूल्य खुली राहावी. आणि १९४९ मध्ये जोसीबाईंच्या मृत्युपत्रातून बागेच्या देखभालीसाठी न्यास झाला. म्हणजे जागा दिली, नियम दिला आणि नियम पाळायला लागणारा पैसाही दिला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कागद पक्का, तारण पक्के आणि परतफेडीची सोयही पक्की. यातले एक जरी राहिले असते, तरी त्या काठावर आज एखादे महागडे हॉटेल दिसले असते. पाण्याकाठच्या जागेची किंमत मी तुम्हाला सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, मग तिथे सगळे छानच चालले असेल. तसे नाही. १९७४ पासून उन्हाळ्यात त्या हिरवळीवर नाटके आणि गाण्यांचे कार्यक्रम होतात. लोक घरून सतरंजी, खुर्ची, डबा घेऊन येतात. दारात ऐच्छिक देणगी मागतात. द्यायची नसेल तर आत जाता येते. पण गर्दी आली की आवाज आला, गाड्या आल्या, हिरवळ तुडवली गेली. शेजारी कुरकुरले. बाग शांत बसण्यासाठी आहे की कार्यक्रमासाठी? ऐच्छिक देणगी किती आग्रहाने मागायची? शेवटी शहराने समिती नेमली, लोकांच्या सभा घेतल्या, आराखडा केला. सगळे आपल्या वार्षिक सभेसारखेच, फक्त चहा-वडा नाही! आता त्यात समुद्राची भर पडली आहे. मोठ्या उधाणाच्या भरतीला पाणी त्या सखल भागात घुसते, त्याचाही विचार करावा लागतो.

मात्र या सगळ्या वादात कोणी जमीन विकण्याची भाषा करत नाही. भांडण होते ते जागा कशी वापरायची याचे. ती ठेवायची की नाही, हा निकाल त्या दोन बहिणींनी कायमचा लावून ठेवला आहे.

हे सगळे मी आज का सांगतो आहे, ते बहुतेकांनी ओळखले असेल. आपल्या इमारतींच्या मागे जी बाग आहे, तिथे पार्किंग करावे असा प्रस्ताव पुढच्या सर्वसाधारण सभेत यायचा आहे. अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी इथे स्कूटर होत्या, आज एका घरात दोन गाड्या आहेत. रात्री उशिरा येणाऱ्या तरुण मंडळींना रस्त्यावर गाडी लावावी लागते, दंडही भरावा लागतो. त्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे.

पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडा. गाडीला जागा मिळते ती एका घराला. बाग मिळते ती सगळ्यांना. ज्याच्याकडे गाडी नाही त्यालाही, चौथ्या मजल्यावरून संध्याकाळी काठी टेकत उतरणाऱ्या आजींनाही. शिवाय पार्किंगवर पुन्हा माती टाकून बाग केलेली सोसायटी मी तरी पाहिलेली नाही. हा खर्च एकदा टाकला की उलट नोंद होत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, सभेआधी इमारतीचा मंजूर नकाशा नोटीस बोर्डावर लावावा. मागची जागा त्यात काय म्हणून दाखवली आहे, हे प्रत्येकाने स्वतः वाचावे. दुसरी, बागेचा वेगळा देखभाल निधी सुरू करावा. सिंकिंग फंडासाठी आपण बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के बाजूला काढतो, कारण इमारत म्हातारी होणार हे आपल्याला मान्य आहे. बागही म्हातारी होते. झोपाळा गंजतो, नळ गळतो, आणि उजाड बाग पाहून मगच कोणीतरी म्हणते, इथे गाड्या लावा. निधीची सुरुवात म्हणून माझ्यातर्फे पंचवीस हजारांचा चेक मी आजच खजिनदारांकडे देतो आहे. चेक वटेल, खात्री बाळगा! तिसरी सूचना काहींना आवडणार नाही. बागेच्या फाटकावरची "फक्त सभासदांसाठी" ही पाटी काढावी. वॉचमनची मुलगी फाटकाबाहेर उभी राहून आपल्या नातवंडांचा झोपाळा बघते, हे मला तरी बघवत नाही.

पार्किंगसाठी पुढच्या मोकळ्या पट्ट्यात गाड्यांची आखणी नव्याने करता येईल, दुसऱ्या गाडीला जास्त शुल्क लावता येईल. तरुण सभासदांनी पर्याय आणावेत, आकडे मांडायला मी त्यांच्याबरोबर बसतो.

मेरी आणि जोसी प्रेस्कॉट यांच्या हातात एका श्रीमंत भावाची संपत्ती होती. आपल्याकडे तेवढी नाही. पण आपल्याकडे जागा आहे आणि ठराव करण्याचा अधिकार आहे. सुवर्णमहोत्सवाला आमच्यापैकी बरेचजण नसू. त्या दिवशी इथे जी मुले तिशीची असतील, ती आज त्या झोपाळ्यावर बसायला रांगेत उभी आहेत. सभेत हात वर करताना त्यांचीही आठवण ठेवा, एवढीच विनंती.