पाणी मागणारा पाहुणा

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं मागील वर्षांचा हिशेब पाहण्याची चाल आहे. मंदिर कसें उभें राहिलें, पहिल्या मिस्सेस किती कुटुंबें जमलीं, हें इतर वक्ते सांगतीलच. आम्हीं मात्र पुढील वर्षांचा एक प्रश्न आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. आपल्या धर्मग्रामांतील कांहीं तरुणांच्या मनांत आलें आहे कीं, शिक्षण संपल्यावर एखादें वर्ष परदेशीं जावें आणि निराधार स्त्रियांसाठीं व गरीब वस्त्यांसाठीं झटणाऱ्या एखाद्या धर्मादाय संस्थेंत बिनवेतन सेवा करावी. त्यांपैकीं दोन मुलींनीं आमच्याकडे शिफारसपत्र मागितलें आहे. मुलींच्या मनांत उत्साह आहे, आईबापांच्या मनांत भय आहे, आणि दोघेही आमच्या तोंडाकडे पाहत आहेत. असा प्रश्न उद्यां कोणाच्याही घरीं उठेल. म्हणून त्याचें उत्तर चारचौघांत द्यावें हें बरें.

प्रथम शुभवर्तमानाकडे वळूं. संत योहानाच्या चौथ्या अध्यायांत प्रभु येशू शोमरोन प्रांतांतून जात असतां भर दुपारीं थकून विहिरीवर बसला आहे. त्या मुलखांत तो परका आहे. एक स्त्री पाणी भरावयास येते. तिच्या संसाराची वाताहत झालेली आहे. जगाचा तारणारा तिला प्रथम काय देतो? कांहींच देत नाहीं. तो तिच्याजवळ पाणी मागतो. त्याच्याजवळ पोहरा नाहीं. विहीर तिच्या गांवची आणि घागर तिची. जीवनाच्या पाण्याचें दान पुढें आहे, याचना आधीं आहे. परक्या देशीं सेवेस जाणारानें कोणत्या दारानें आंत शिरावें, तें प्रभूनें येथें दाखवून दिलें आहे. देणारा होण्यापूर्वीं त्यानें घेणारा व्हावें. आमच्या आजच्या बोलण्याचें सार एवढेंच आहे.

हाच अध्याय एका मराठी विदुषीच्या आयुष्यांत निर्णायक ठरला, आणि तिच्या कार्याचा धागा आपल्या लोणावळ्यापर्यंत येऊन पोंचतो. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे गेल्या. वैद्यकी शिकण्याचा त्यांचा हेतु होता. परंतु ऐकूं कमी येत असल्यामुळें तो सिद्धीस गेला नाहीं. त्या भगिनींनीं त्यांस लंडनमधील फुलम येथें चाललेलें आपलें काम दाखविलें. ज्या स्त्रियांस समाज पतित म्हणून टाकून देतो, त्यांची शुश्रूषा तेथें मायेनें चालली होती. असें दृश्य रमाबाईंनीं पूर्वीं कोठें पाहिलें नव्हतें. हें आपण कां करतां, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां उत्तरादाखल त्यांस शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यांत आली.

रमाबाई आपल्या ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. परंतु सत्कृत्य जेथें दिसेल तेथें त्याचा मान राखणें हें आपलें कर्तव्य आहे. त्या परदेशीं गेल्या त्या शिकावयास. परतल्या त्या उभारावयास. अमेरिकेंत त्यांनीं ठिकठिकाणीं व्याख्यानें दिलीं. १८८७ सालीं बॉस्टन येथें त्यांच्या कार्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली व तिनें दहा वर्षें खर्च चालविण्याचें वचन दिलें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें, आणि पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. पैसा बॉस्टनचा होता. पण दाराशीं आलेल्या बालविधवेचें दुःख तिच्याच भाषेंत समजून घेणारी बाई येथील होती. त्या सदनांतील पहिल्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. एका ठिकाणीं लाविलेली ज्योत दुसऱ्या घरीं जाते ती अशी.

आतां लोणावळ्याकडे येऊं. त्या काळीं येथें प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे मेळावे भरत. १८९६ सालच्या मेळाव्यास रमाबाई आपल्या पंधरा मुलींसह आल्या होत्या. या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे पंधरांच्या दोनशें पंचवीस व्हाव्या, असें मागणें त्यांनीं येथें परमेश्वरापाशीं मागितलें. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतांत दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथें गेल्या, उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या, आणि केडगांवीं मुक्तिसदन वाढीस लागलें. दोनशें पंचवीस हा आंकडा लवकरच मागें पडला. पुढें तेथील संख्या हजारांच्या घरांत गेली.

या मुक्तिसदनांत परदेशांतून मदतनीस स्त्रियाही आल्या. त्यांतील मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई १८८७ सालीं हिंदुस्थानांत आली होती. तिनें मराठी भाषा आत्मसात केली, मुंबईकडे बरींच वर्षें काम केलें, आणि १८९८ च्या सुमारास ती केडगांवीं रुजू झाली. राज्य गोऱ्यांचें होतें, तरी ही गोरी बाई एका हिंदी स्त्रीच्या हाताखालीं कामास राहिली. आमच्या मुलींनीं हें नीट ध्यानांत धरावें.

संत मदर तेरेसा यांचेंही उदाहरण असेंच आहे. १९२८ सालीं त्यांनीं घर सोडलें, १९२९ च्या आरंभीं त्या हिंदुस्थानांत आल्या, आणि पुढें कलकत्त्यास बरींच वर्षें शिक्षिकेचें काम केलें. १९४८ सालीं गरीब वस्त्यांत जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हांही त्या तडक वस्तींत गेल्या नाहींत. आधीं पाटण्यास धर्मभगिनींच्या रुग्णालयांत कांहीं महिने शुश्रूषेचे पाठ घेतले. ज्यांस आज सारें जग संत म्हणतें, त्यांस शिकण्याचा कमीपणा वाटला नाहीं.

आपल्या पुणें जिल्ह्यांतील अलीकडचें उदाहरण घ्या. केरळांतून आलेल्या सिस्टर लूसी कुरियन पुण्यास काम करीत असतां, १९९१ सालीं एक गरोदर स्त्री त्यांच्याकडे आश्रय मागावयास आली. त्या रात्रीं तिला ठेवण्यास जागा नव्हती. दुसऱ्या दिवशीं कांहीं मार्ग काढूं असें तिला सांगण्यांत आलें. त्याच रात्रीं नवऱ्यानें तिला पेटविलें, आणि ती दगावली. या आघातांतून १९९७ सालीं वढु बुद्रुक येथें ‘माहेर’ ही संस्था उभी राहिली. तिच्या दारीं कोणत्याही धर्माच्या स्त्रीस मज्जाव नाहीं. तेथें परदेशांतूनही स्वयंसेवक येतात. पण विचार करा: दाराशीं आलेल्या बाईनें काय सांगितलें आणि काय गिळलें, हें समजण्यास भाषा हवी, चालीरीतींची ओळख हवी, आणि गप्प बसून ऐकण्याची संवय हवी. विमानाच्या तिकिटाबरोबर या वस्तु मिळत नाहींत.

कोणी म्हणेल, मग परदेशीं जाऊंच नये काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. आपल्या शेजारीं कार्ल्याचें लेणें आहे. एकवीरेच्या यात्रेची गर्दी आपण दरवर्षीं पाहतों. पण त्या चैत्यगृहांतील खांबांवरील अक्षरें फार थोड्यांनीं पाहिलीं असतील. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं धेनुकाकट येथील यवनांनीं त्यांतील कित्येक खांब दान दिले, आणि आपलीं नांवें तेथें कोरविलीं. तीं कोरलीं आहेत ब्राह्मी लिपींत व येथल्या प्राकृत भाषेंत. परक्यांनीं आपलें वेगळें लेणें खोदलें नाहीं. दुसऱ्यांच्या आराखड्यांत एकेक खांब दिला. देणारे केव्हांच गेले, खांब छत धरून उभे आहेत. परदेशीं जाणाऱ्याची सेवा अशी असावी.

म्हणून शिफारसपत्राविषयीं आम्हीं जें ठरविलें आहे, तें आतां सांगतों.

पहिली गोष्ट, जाणारानें आधीं एक पावसाळा येथेंच सेवा करावी. पवन मावळांत, नाणे मावळांत, आंदर मावळांत कातकऱ्यांच्या व ठाकरांच्या वाड्या आहेत. बंगल्यांवर धुणींभांडीं करणाऱ्या आणि भातलावणीस रोजानें जाणाऱ्या आपल्याच बहिणी आहेत. तेथील अंगणवाडीताई, आशाताई किंवा बचतगटाच्या बाया यांच्या हाताखालीं राहून त्या सांगतील तें काम करावें. जिला मावळच्या चिखलांत जड जातें, तिला परदेशीं सोपें जाणार नाहीं.

दुसरी गोष्ट, एखादें उपयोगी काम हातीं असावें: शुश्रूषा, शिवण, हिशेब किंवा शिकविणें. नुसती दया घेऊन गेलेला पाहुणा घरधनिणीचें काम वाढवितो. जेथें जावयाचें तेथील भाषेचीं पहिलीं वाक्यें येथूनच शिकून जावें.

तिसरी गोष्ट आईबापांसाठीं. संस्था कोणाची, तिचा कारभार कोण पाहतें, मुलगी राहणार कोठें, आजारी पडल्यास खर्च कोण करणार, अडचणींत कोणास कळवावयाचें, हें सर्व लेखी मागावें. जी संस्था असे प्रश्न विचारल्यानें रागावते, तिच्याकडे लेक पाठवूं नये. तुमचें भय अश्रद्धा नव्हे. पण चौकशी पुरी झाल्यावर तें सोडावयास शिका.

चौथी गोष्ट, आश्रयास आलेल्या स्त्रीचें छायाचित्र, नांव व कहाणी ही तिची ठेव आहे. ती बाहेर दाखवूं नये, घरींही सांगूं नये. आणि अनाथ लेंकरांना थोड्या दिवसांचा लळा लावून निघून जाणें हें तर क्रौर्यच होय. त्यांच्याजवळ कायम राहणाऱ्या बाईचे हात बळकट करावे.

पांचवी गोष्ट, परत यावें. पवित्र मरिया डोंगराळ मुलखांत एलिझाबेथेकडे गेली, सुमारें तीन महिने राहिली आणि आपल्या घरीं परतली. जो परतेल त्यानें या सभेपुढें उभें राहून, आपण तेथें काय शिकलों, हें सांगावें. काय दिलें, तें आम्ही विचारणार नाहीं.

त्या दोन्ही मुलींस आम्हीं हें कळविलें आहे. येत्या आषाढापासून आमच्या धर्मभगिनी त्यांस वाड्यांवर घेऊन जातील. भातकापणीपर्यंत त्या टिकल्या, तर आम्ही आनंदानें पत्र लिहूं, आणि त्यांच्या आईबापांशेजारीं उभें राहून त्यांस निरोप देऊं. न टिकल्या, तरी त्यांत लाज नाहीं. त्यांची विहीर कदाचित् येथेंच असेल.

विहिरीवर बसून पाणी मागणारा प्रभु आमच्या तरुणांस नम्र करो, त्यांच्या घरांस धीर देवो, आणि आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.