चकत्या जपल्या, कष्टाच्या खुणांचं काय?

आज आम्ही तुम्हाला लांबच्या एका शहराची गोष्ट सांगणार आहोत. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात लास वेगस आहे. त्या राज्यात १९३१ साली जुगाराला कायद्यानं परवानगी मिळाली आणि पुढं तिथं मोठमोठी कॅसिनो हॉटेलं उभी राहिली. खाली जुगाराची टेबलं, वर राहायच्या खोल्या. जुगारानं मोडलेले संसार आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्याचं कौतुक आम्हाला करायचं नाही. बोलायचंय ते त्या हॉटेलांच्या मागं उरलेल्या वस्तूंबद्दल.

तिथं हॉटेल जुनं झालं की सुरुंग लावून पाडतात. १९५८ साली सुरू झालेलं स्टारडस्ट २००७ मध्ये पाडलं, १९५७ चं ट्रॉपिकाना २०२४ मध्ये. मग हौशी लोक त्यांच्या आठवणी गोळा करतात. खोलीची किल्ली, काडेपेटी, राखदाणी, जेवणाचं मेनूकार्ड. सगळ्यात जास्त मागणी असते ती चिपला. चिप म्हणजे टेबलावर पैशाऐवजी ठेवायची रंगीत चकती. हॉटेल बंद झालं की मालकाकडच्या चकत्या नष्ट करतात. कुणाच्या खिशात, कपाटात राहिल्या तेवढ्याच उरतात, म्हणून त्यांना भाव येतो. हॉटेलांच्या दिव्यांच्या भल्यामोठ्या पाट्या जपायला तर निऑन म्युझियम नावाचं संग्रहालयच आहे.

पण मैत्रिणींनो, या चकत्या खेळणाऱ्याच्या हातातल्या. त्या खोल्या झाडल्या, चादरी बदलल्या, त्या बायांचं काय?

हॅटी कँटी हे नाव लक्षात ठेवा. १९७५ साली नवरा गेला. दहा लेकरांची ही आई हॉटेलात खोल्या साफ करायचं काम करू लागली. १९९० मध्ये तीच बाई तिथल्या हॉटेल कामगारांच्या युनियनची अध्यक्ष झाली. पुढच्याच वर्षी फ्रंटियर हॉटेलात संप झाला. साडेपाचशे कामगार सहा वर्षांहून जास्त काळ दारात उभे राहिले, एकही जण फुटून कामावर गेला नाही. १९९८ साली ते जिंकले. ते हॉटेलही २००७ मध्ये पाडलं. इमारत गेली, पण हकीकत उरली, कारण तिथल्या विद्यापीठानं जुन्या मेनूकार्डांसोबत कामगार बायांच्या मुलाखतीही जपून ठेवल्या.

आम्हाला यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. चकचकीत वस्तू कुणीही जपतं, तिला भाव असतो. कष्टाची खूण मात्र आपली आपणच जपावी लागते. आपल्या गटाचं पहिलं इतिवृत्त, अंगठे उठवलेलं बचतीचं रजिस्टर, पहिल्या कर्जाचं पासबुक, हे रद्दीत किलोवर जायच्या लायकीचं नाही. उद्या नातीला विश्वास बसणार नाही की आजी दहा-वीस रुपये टाकून बँकेपर्यंत पोचली.

तेव्हा येत्या मासिक बैठकीत एवढं करा. जुनी रजिस्टरं एका पत्र्याच्या पेटीत ठेवा, वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका. फोटोच्या मागं पेन्सिलीनं नावं आणि साल लिहा. आणि गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशींना बोलतं करून त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. मावशी आहेत तोवरच.