दारातली गाडी देशी की परदेशी?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



संध्याकाळी फिरायला निघालो, की मी क्रांती चौकात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ थोडा वेळ थांबतो. सिग्नल लाल झाला, की समोर वाहनांची रांग लागते. पुढे रिक्षा. ती बहुधा वाळूजची. बजाजचा तो कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि या शहराचं रूपच पालटलं. तिच्या मागे ऑक्टाव्हिया. कंपनी मूळची झेक, पण जुळणी आपल्या शेंद्र्यातली. शेजारी मारुती, म्हणजे जिचे निम्म्याहून जास्त भाग जपानच्या सुझुकीकडे आहेत ती कंपनी. पाट्या मात्र तिघींच्याही एमएच २० च्या. आता सांगा, यातली देशी कोणती आणि परदेशी कोणती?

हा प्रश्न मला चौकात नाही, घरात पडला.

मी निवृत्त शिक्षक. तीस वर्षं इतिहास शिकवला. स्वदेशीच्या चळवळीचा धडा आला, की माझा आवाज आपोआप चढायचा. त्यामुळे गेल्या दसऱ्याला मुलानं गाडी घ्यायचं काढलं, तेव्हा मी एकच अट घातली. "गाडी देशीच घ्यायची. परदेशी नावाची गाडी माझ्या दारात उभी राहणार नाही."

माझा पुतण्या तेव्हा घरी आलेला होता. वाळूजला त्याचं छोटं वर्कशॉप आहे. चार पॉवर प्रेस, अकरा माणसं. मोटारींच्या सीटखाली बसणारे ब्रॅकेट तो बनवतो आणि मोठ्या व्हेंडरला देतो. एरवी माझ्यापुढे तो मान वर करून बोलत नाही. त्या दिवशी मात्र म्हणाला, "काका, तुम्ही जिला परदेशी म्हणता ना, तिचे ब्रॅकेट माझ्याकडून जातात. सगळ्यांनीच तुमच्यासारखं ठरवलं, तर माझी अकरा माणसं ऐन दिवाळीत घरी बसतील. ती देशी नाहीत का?"

मला उत्तर सुचलं नाही. रागही आला. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही. मग जुन्या सवयीनं पुस्तकं काढून बसलो.

पाहतो तर हे भांडण फार जुनं! जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जुळवायला सुरुवात केली. भाग बोटीनं यायचे, इथले कामगार ते जोडायचे. पुढे १९४४ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तीही सुरुवातीला अमेरिकेतल्या क्रायस्लरच्या गाड्या जुळवायची. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात सरकारनं बजावलं, की नुसती जुळणी चालणार नाही, भाग इथं बनवायचे असतील तरच राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर राहिली आणि इटलीची फियाट इथं बनवू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. अँबॅसडर तरी कुठली? ती इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. आपण ज्यांना अस्सल देशी समजत आलो, त्या दोघींचं माहेर परदेशातच. सुना म्हणून आल्या आणि घरच्या झाल्या.

उलटही घडतं. टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. पण म्हणून इंग्लंडमध्ये तयार होऊन आलेली गाडी देशी ठरत नाही. मालक आपला, गाडी बाहेरची. आणि २०१० मध्ये आपल्या शहरातल्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा 'विलायती गाड्यांची खरेदी' म्हणून देशभर गाजावाजा झाला. पण ती जर्मन कंपनी १९९५ पासून पुणे परिसरात गाड्या जुळवत होती, हे किती जणांच्या लक्षात होतं?

तेव्हा नावावरून काही कळत नाही. बरं, कारखान्याच्या पत्त्यावरून तरी कळतं का? तेही नाही. पूर्ण तयार गाडी आयात केली तर जबर शुल्क पडतं. सुट्या भागांचा संच आणून इथं जुळवली तर कमी. शेंद्र्याचा कारखाना २००१ मध्ये अशाच जुळणीवर उभा राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागानं स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस काढली. विभागाचं म्हणणं असं, की कंपनीनं जवळजवळ अख्ख्या गाड्या न जुळवलेल्या स्थितीत आणल्या. त्यावर ३० ते ३५ टक्के शुल्क लागतं. पण वेगवेगळ्या खेपांत 'सुटे भाग' दाखवून ५ ते १५ टक्केच भरलं. कंपनीला हा आरोप मान्य नाही. तिनं २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. खरं-खोटं ठरवणं न्यायालयाचं काम. मला नवल वाटलं ते वादाच्या विषयाचं. पेटीतून आले ते भाग की गाडी, या एका प्रश्नावर एवढी रक्कम अडली!

आणि त्याच कंपनीची दुसरी बाजू पाहा. चाकणला बनणारी कुशाक २०२१ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिचं स्थानिकीकरण ९५ टक्क्यांपर्यंत असल्याचं कंपनीनं सांगितलं. चिन्ह एकच. पण शेंद्र्यातली गाडी वेगळी, चाकणची वेगळी.

अमेरिकेत हा गोंधळ फार आधी झाला. तिथं १९९२ च्या कायद्यानं नव्या गाडीच्या काचेवर चिठ्ठी लावणं सक्तीचं झालं. भागांच्या किमतीत घरचा वाटा किती टक्के, जुळणी कोणत्या गावी, इंजिन आणि गिअरबॉक्स कोणत्या देशातले, हे सारं त्यावर असतं. गंमत म्हणजे शेजारच्या कॅनडालाही त्यांनी 'घरचा' धरलं आहे. आपल्या सरकारनंही वाहन उद्योगाला उत्पादनावर प्रोत्साहन देण्याची योजना २०२१ मध्ये आणली, तेव्हा किमान ५० टक्के मूल्यवर्धन देशात व्हावं अशी अट घातली. म्हणजे मोजमाप करता येतं. गिऱ्हाईकाला मात्र ते कुणी दाखवत नाही.

हे सगळं वाचून मी पुतण्याच्या वर्कशॉपवर गेलो. प्रेस चालू होते, पत्र्याचा तुकडा आत जात होता, ब्रॅकेट होऊन बाहेर पडत होता. डाय कुणी बनवली, विचारलं. म्हणाला, "आपल्याच मुलांनी. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेली आहेत." माझी छाती फुगली. मग तोच हळूच म्हणाला, "पण काका, तुमचंही अगदीच चूक नाही. ड्रॉइंग बाहेरून येतं. यातलं एक होल दोन मिलिमीटर सरकवायचं, तरी परवानगी तिकडची."

श्रोतेहो, मला वाटतं खरी मेख इथं आहे. हाताला काम मिळणं ही स्वदेशीची पहिली पायरी. ती लहान नाही, अकरा घरं तिच्यावर चालतात. पण ड्रॉइंग आपलं असणं ही शेवटची पायरी. नफा आणि रॉयल्टी कुठं जाते, हेही त्यावरच ठरतं. पहिलीवर उभ्या असलेल्याला हिणवू नये आणि शेवटची विसरू नये.

शोरूममध्ये मी सेल्समनला तीनच गोष्टी विचारल्या. इंजिन कुठं बनतं, गिअरबॉक्स कुठला, भागांपैकी इथले किती? त्या बिचाऱ्याला सनरूफची सगळी माहिती होती, ही नव्हती. चार दिवसांनी विचारून त्यानं कळवलं. अखेर आम्ही घेतली ती परदेशी नावाचीच, पण इंजिनासकट बहुतेक इथं बनलेली. दसऱ्याचा मुहूर्त हुकला. पाडव्याला गाडी दारात आली. नारळ मी पुतण्याला फोडायला लावला.

आता बिडकीनला मोठे कारखाने येऊ घातले आहेत. टोयोटानं जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आहे. किती एकर, किती कोटी, किती नोकऱ्या, हे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला आणखी एक विचारू या. इथल्या पोरांच्या हाती फक्त पाना येणार, की पेन्सिलही?