रामटेक: गडाखालचं गाव

आपल्या सावनेर गावातून सरळ पूर्वेला गेलं, की रामटेकचा गड लागतो. पायथ्याशी नगरपरिषदेचं छोटं गाव, वर राममंदिर. यात्रेकरू बहुधा तिथूनच परततात. माझी विनंती आहे, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह या मंदिरांपाशीही थांबा. ती पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली आहेत. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची राणी. पती रुद्रसेन अकाली गेल्यावर लहान मुलांच्या वतीने तिनेच राज्य सांभाळलं. रिद्धपूरच्या ताम्रपटात तिने रामगिरीच्या स्वामींचा उल्लेख केला आहे. हा रामगिरी म्हणजेच आपलं रामटेक, असं वा. वि. मिराशींसारखे अभ्यासक मानतात. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्षही याच डोंगरावर राहिला, असं ते सांगतात. इतकी कर्तबगार राणी आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे, हे शाळेतल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असायला हवं!

पुढे अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी गडाला नवं वैभव दिलं. खाली अंबाळा तलावाचे घाट आहेत, जवळच खिंडसी तलाव. 1997 साली कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठही इथेच सुरू झालं. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर मोठी गर्दी उसळते. मंदिरं निवांत पाहायची, तर एरवीची सकाळ निवडा.