मध्यस्थी हवी, पण हक्क शाबूत ठेवून
(भाषणाचा सारांश)



अपंग मुलाच्या पालकाची खरी अडचण ही, की ज्या शाळेशी भांडायचे त्याच शाळेत दुसऱ्या दिवशी मुलाला पाठवायचे असते. निकाल बाजूने लागला तरी शिकविणारे शिक्षक तेच राहतात. अमेरिकेने यावर कायद्याने जी वाट काढली, तिची माहिती आज द्यावयाची आहे.

१९५४ साली ब्राऊन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने काळ्या मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा ठेवणे घटनाबाह्य ठरविले. त्याच निकालाचा आधार घेऊन बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे पालक पेनसिल्व्हेनिया राज्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९७२ मध्ये त्या मुलांना शाळेचे दार उघडले. पुढे १९७५ च्या कायद्याने देशभर अशा प्रत्येक मुलासाठी लेखी शिक्षण-आराखडा करणे शाळांवर बंधनकारक झाले.

हक्क मिळाला, तसे तंटेही सुरू झाले. वाचा-उपचार आठवड्यातून किती वेळ द्यावयाचे? मदतनीस मिळणार की नाही? मूल नेहमीच्या वर्गात बसणार की वेगळ्या? सुनावणीला जावे तर वकील हवा, तज्ज्ञ हवा. २००५ च्या निकालानुसार पुरावा देण्याचा भार दाद मागणाऱ्यावर, म्हणजे बहुधा पालकांवर आला. २००६ च्या निकालानुसार जिंकूनही तज्ज्ञाची फी शाळेकडून वसूल करता येत नाही. गरीब पालक येथेच खचतो.

म्हणून १९९७ च्या दुरुस्तीने प्रत्येक राज्याला मध्यस्थीची सोय करणे भाग पडले. खर्च राज्याने सोसावयाचा. मध्यस्थ त्या शाळा-खात्याचा नोकर असता कामा नये. तो निवाडा देत नाही. दोघांना समोरासमोर बसवून मार्ग काढण्यास मदत करतो. तेथील बोलणे गुप्त राहते, पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. २००४ पासून रीतसर तक्रारीपूर्वीही मध्यस्थी मागता येते आणि सहीचा करारनामा न्यायालयामार्फत अमलात आणता येतो.

मात्र मुख्य गोष्ट पुढेच आहे. मध्यस्थी ऐच्छिक आहे आणि तिच्या नावाखाली सुनावणीचा हक्क नाकारता किंवा लांबविता येत नाही. मित्रहो, दुर्बल आणि बलवान यांच्यातील समेट तेव्हाच न्याय्य होतो, जेव्हा दुर्बलाच्या पाठीशी कायदा उभा असतो. एरवी ती समेटाच्या नावाने केलेली विनवणीच ठरते.

करारात "प्रयत्न करू" असे शब्द कधी स्वीकारू नयेत. कोण, काय, किती वेळ आणि कोणत्या तारखेपासून करणार, हे लिहून घ्यावे.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो डावलला गेल्यास राज्य आयुक्तांकडे दाद मागता येते. पण मुख्याध्यापकांच्या खोलीत एकटी जाणारी आई हे सांगणार कशी? कायदा आणि समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिच्याबरोबर जावे, कागद वाचून दाखवावेत, ठरलेले लिहून घ्यावे. शिक्षणाचा उपयोग यापेक्षा वेगळा कोणता?