मुलाखतीस जाणाऱ्या मुलीच्या हातचा दाखला
(पनवेल येथील भाषण)



केंद्रीय विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम. ए.च्या मुलाखतीस आपली मुलगी निघते. दाखल्यावर आपण टाकून दिलेली जात पाहून ती खिन्न होते. तिला समजावा. १९५६ साली धम्म स्वीकारणाऱ्यांना १९५० च्या आदेशाने केंद्राच्या सवलती नाकारल्या. १९९० साली संसदेने त्या दिल्या. ती जात म्हणजे झालेल्या अन्यायाची नोंद होय, आपली ओळख नव्हे.

मुलाखतीत कोणी ‘राखीव जागा कशाला?’ असे विचारलेच, तर तिने वाद घालू नये, मान खालीही घालू नये. ‘मी मनाचा अभ्यास करावयास आले आहे, त्याविषयी विचारावे,’ एवढेच म्हणावे.

आणि प्रांत कार्यालयात आधीच जावे; केवळ ‘नवबौद्ध’ लिहिलेला दाखला केंद्रासाठी पुरत नाही, मूळ जातीचा उल्लेख लागतो.