रस्त्यांचा ‘चीफ’

अमेरिकेतलं आयोवा हे मक्याचं राज्य. तिथली जमीन काळी, सुपीक. पण पावसात गाड्यांची चाकं आसापर्यंत रुतायची आणि शेतमाल रेल्वेपर्यंत पोचायचाच नाही. याच चिखलात थॉमस मॅकडॉनल्ड वाढले. 1904 साली ते स्थापत्य अभियंता झाले. विद्यार्थिदशेत त्यांनी अभ्यासाला विषय निवडला तोही कसा, तर जड गाडी रस्त्यावरून ओढायला किती घोड्यांची ताकद लागते!

राज्याच्या रस्ते खात्यातून 1919 मध्ये ते वॉशिंग्टनला केंद्रीय रस्ते विभागाचे प्रमुख झाले आणि 1953 पर्यंत राहिले. चौतीस वर्षं, सात राष्ट्राध्यक्ष! सरकारी खुर्चीसाठी हे नवलच. माणूस विलक्षण अबोल. सगळे त्यांना ‘चीफ’ म्हणत.

राज्यांना रस्त्यांसाठी केंद्राचा पैसा देणाऱ्या 1921 च्या कायद्यामागे त्यांचाच विचार होता. केंद्राचा पैसा कुठेही सांडायचा नाही. प्रत्येक राज्याने आपल्या रस्त्यांपैकी फार तर सात टक्के निवडायचे आणि ते शेजारच्या राज्याच्या रस्त्यांना जोडायचे. डांबर-खडीपेक्षा ही निवड जास्त अवघड, असं मला वाटतं. कारण प्रत्येक पुढाऱ्याला रस्ता आपल्याच गावावरून हवा असतो.

1939 च्या अहवालात त्यांच्या विभागाने सांगितलं, की केवळ टोलवर देशभरचे महामार्ग उभे राहणार नाहीत. आंतरराज्य महामार्गांचा मोठा कायदा झाला 1956 मध्ये. तोवर चीफ निवृत्त होऊन टेक्सासला गेले होते. कायद्यानंतर पुढच्याच वर्षी ते वारले.